दारावरचा चेहरा धूसर का दिसतो? लीड्समधील घरांच्या व्हिडिओ इंटरकॉमविषयी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लीड्समध्ये सूर्य दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळतो. मुले शाळेतून नुकतीच परतलेली असतात, आईवडील अजून कामावर असतात आणि सहा महिन्यांच्या अभ्यागत व्हिसावर आलेले आजीआजोबा घर सांभाळत असतात. अशा वेळी बेल वाजते आणि इंटरकॉमच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग दिसतो. पाणीपुरवठा कंपनीचा किंवा नगरपालिकेचा माणूस असल्याची बतावणी करून वृद्धांच्या घरात शिरण्याच्या प्रकाराला ब्रिटनमध्ये 'डिस्ट्रॅक्शन बर्ग्लरी' असे स्वतंत्र नाव आहे. पाहुण्याचा चेहरा आणि त्याने पुढे धरलेले ओळखपत्र पडद्यावर ओळखू येत नसेल, तर त्या यंत्राचा उपयोग साध्या घंटेपेक्षा फारसा अधिक राहत नाही.

चित्र बिघडले की नवा कॅमेरा मागवण्याकडे अनेकांचा कल असतो. वस्तुतः दोष कॅमेऱ्यात असण्याची शक्यता सर्वांत कमी. काच, प्रकाश, वीज आणि चित्र वाहून नेणारी तार किंवा वाय-फाय, यांपैकी कोठे अडते आहे हे बिघाडाच्या रूपावरूनच बहुतेक वेळा कळते. चित्र सदैव धुरकट असेल तर काच पाहावी. दिवसा ठीक आणि रात्री वाईट असेल तर प्रकाश किंवा वीज. चित्राची चौकोनी ठिगळे होत असतील, ते मध्येच गोठत असेल, तर वाय-फाय. आडवे पट्टे सरकत असतील किंवा आकृतीशेजारी तिची फिकट सावली उमटत असेल, तर तार.

काचेची तपासणी एका मिनिटाची आहे. रिमोटवरचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे जपणाऱ्या आपल्या घरांत कॅमेऱ्याच्या भिंगावरील पारदर्शक संरक्षक पापुद्राही तसाच राहून जातो. तो काढावा, चष्म्याच्या मऊ कापडाने काच पुसावी. धुके आतल्या बाजूने धरलेले असेल तर ओलावा आत शिरला आहे असे समजावे. बसवताना सिलिकॉनचा लेप वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडांना द्यायचा असतो. खालची कड मोकळी ठेवली नाही, तर पावसाचे पाणी मागे साचून राहते.

प्रकाशाचा प्रश्न मात्र लीड्सचा खास आहे. २१ डिसेंबरला पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, लीड्समध्ये जेमतेम १३ अंश. दार दक्षिणेकडे असेल तर भर दुपारी सूर्य थेट भिंगात डोकावतो आणि समोर उभा असलेला माणूस काळ्या आकृतीसारखा दिसतो. सेटिंगमध्ये 'एचडीआर' किंवा 'डब्ल्यूडीआर' असा पर्याय असल्यास तो सुरू करावा. त्याने भागले नाही, तर कॅमेऱ्यामागे पाचर बसवून त्याचा रोख थोडा खाली किंवा बाजूला वळवावा.

रात्रीचे चित्र कृष्णधवल असणे हा दोष नव्हे. अंधारात कॅमेरा अवरक्त दिव्यांवर चालतो. हे दिवे जळतात की नाही, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा कळते: फिकट जांभळट ठिपके दिसतात. ते जळत असूनही चित्र पांढरेफटक असेल, तर प्रकाश जवळच्याच कशावरून तरी परततो आहे. पोर्चची पांढरी भिंत, पावसाचे थेंब, कोळ्याचे जाळे ही नेहमीची कारणे. दिवाळीला बांधलेले आणि संक्रांत उलटली तरी न उतरवलेले तोरणही त्यातच येते. ते भिंगासमोर लोंबत असेल तर कॅमेरा त्याच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पाहुण्याचा चेहरा काळवंडतो. वाऱ्याने ते हलत राहिले, तर बॅटरीही उगाच संपते. पोर्चमध्ये साधा दिवा लावून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

तिन्हीसांजेला अवरक्त दिवे लागताच चित्र थरथरत असेल किंवा यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वीज अपुरी आहे. जुन्या घरांतील घंटेचा ट्रान्सफॉर्मर अनेकदा ८ व्होल्टचा असतो. तारेने चालणाऱ्या आजच्या बहुतेक व्हिडिओ बेलना १६ ते २४ व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टच्या मुख्य विजेला जोडलेला असल्याने तो बदलण्याचे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. बॅटरीवर चालणाऱ्या बेलची अडचण निराळी. लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते आणि शून्य अंशाखाली ती चार्ज होऊ देणे योग्य नाही. ती घरात आणून, उबेला आल्यावर चार्ज करावी.

हेअरहिल्स किंवा हेडिंग्ली भागातील विटांच्या जुन्या घरांना बहुधा भरीव, नऊ इंच जाडीच्या भिंती असतात. पाठीला पाठ लावून बांधलेली 'बॅक-टू-बॅक' घरे १९०९ च्या कायद्याने बंद व्हायची होती, पण लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली गेली. आतून नंतर लावलेल्या फळ्यांमागे धातूचा पत्रा असेल, तर वाय-फाय आणखी क्षीण होते. तपासणी दार बंद करून, बाहेरून, बेलच्या उंचीवर फोन धरून करावी. अनेक बेलच्या ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ६० च्या आसपास तो चांगला, उणे ७० च्या खाली गेला की ठिगळे सुरू होतात. बेल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर २.४ वर आणावी. ही लहर वेगाने उणी असली तरी भिंतीतून अधिक पार होते. घरातल्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आणि कार्यालयात बसून फोनवर मात्र वाईट असेल, तर घराच्या इंटरनेटचा अपलोड वेग तपासावा.

लीड्स डॉक किंवा होल्बेककडील फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी प्रथम शेजाऱ्याला विचारावे. सगळ्यांचेच चित्र खराब असेल तर दोष इमारतीच्या दर्शनी पॅनेलमध्ये किंवा सामाईक तारेत आहे आणि तो काढणे व्यवस्थापन कंपनीचे काम आहे. लेखी तक्रार तारखेसह करावी, सोबत पडद्याचे छायाचित्र जोडावे. स्वतःच्या घरातील तारेच्या जुन्या संचात सावली दिसत असल्यास शेवटच्या मॉनिटरवरील ७५ ओहमचे टर्मिनेशन सुरू आहे का ते पाहावे. सरकते पट्टे बहुधा विजेच्या तारेला खेटून नेलेल्या चित्राच्या तारेमुळे येतात.

कॅमेऱ्याचा रोख बदलताना एक कायदेशीर बाजू विसरू नये. चित्रणात शेजाऱ्याचे दार किंवा पदपथ येऊ लागला, तर ब्रिटनचा माहिती संरक्षण कायदा घरमालकालाही लागू होतो. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने अशाच एका प्रकरणात शेजारणीच्या बाजूने निकाल दिला. त्यात चित्राहून अधिक आक्षेप दूरवरचे बोलणे टिपणाऱ्या ध्वनिमुद्रणावर होता. अरुंद गल्लीत 'प्रायव्हसी झोन' आखून तेवढा भाग झाकता येतो.

एवढे करूनही चित्र सुधारले नाही, तर पावती शोधावी. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते आणि दुरुस्तीची किंवा बदली वस्तूची जबाबदारी विक्रेत्यावर येते, उत्पादकावर नव्हे.