घरगुती मत्स्यालयातील सिक्लिड मासे

सिक्लिड हे प्रामुख्याने गोड्या व मचूळ पाण्यात राहणाऱ्या माशांचे एक मोठे कुळ आहे. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण आशियात त्याच्या १,७०० हून अधिक जाती आढळतात. मत्स्यालयातील एंजल, डिस्कस व ऑस्कर, तसेच बाजारात विकली जाणारी चिलापी (तिलापिया) हे सर्व याच कुळातील मासे होत. बहुतेक सिक्लिड अंडी व पिल्लांची राखण करतात आणि त्यासाठी ठरावीक जागा अडवून इतरांना हुसकावतात. त्यांच्यासाठी सोबती निवडणे अवघड होते ते या स्वभावामुळे.

पाण्याची अनुरूपता

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात येथील नद्या व विहिरींच्या पाण्यातील क्षार घटतात. असे मृदू पाणी ॲमेझॉन खोऱ्यातील एंजल व डिस्कस यांना मानवते; डिस्कसला मात्र २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना ७.७ ते ८.६ सामू असलेले कठीण पाणी हवे असते, त्यामुळे त्यांच्या टाकीत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा घालावा लागतो. सह्याद्रीचा काळा पाषाण लपणीसाठी उत्तम. पण तो चुनखडीसारखा विरघळत नसल्याने सामू वाढवत नाही. या दोन गटांचे मासे एकत्र ठेवू नयेत.

सोबत्यांची निवड

दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर ३० सेंमीपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. एंजल मोठे झाल्यावर निऑन टेट्राचेही तेच होते. कॉन्व्हिक्टची जोडी जमली की तिला स्वतंत्र टाकी द्यावी. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात न आढळणारा संकर असून तो एकटाच ठेवणे श्रेयस्कर.

मलावीतील ‘म्बुना’ गटाला उलट नियम लागू पडतो. टाकीत मोजकेच मासे असल्यास बलवान नर एकाच दुर्बळ माशाच्या मागे लागतो. संख्या थोडी अधिक असल्यास त्याचा रोख विभागला जातो. मात्र त्यासाठी गाळणयंत्र तितकेच सक्षम हवे. एका नरामागे तीन-चार माद्या आणि भरपूर कपारी असाव्यात. पिवळा लॅबिडोक्रोमिस या गटात सौम्य, तर ऑरेटस अत्यंत भांडखोर समजला जातो. अनेक म्बुना दगडांवरील शेवाळ खरवडून खातात. सतत प्रथिनयुक्त खाद्य दिल्यास त्यांचे पोट फुगण्याचा धोका असतो. पीकॉक सिक्लिडच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या जवळपास सारख्याच दिसतात. दोन जाती एकत्र वाढवल्यास संकर होतो.

भारतीय जाती

भारतात मूळच्या तीनच सिक्लिड जाती आहेत. त्यांपैकी एट्रोप्लस सुराटेन्सिस हा गोव्यात कालुंदर या नावाने ओळखला जातो. सुमारे ८ सेंमीचा नारिंगी क्रोमाइड त्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, अशी नोंद संशोधकांनी केली आहे; संधी मिळाल्यास तो कालुंदरची अंडीही फस्त करतो. म्हणजे ही नैसर्गिक सोबतही निर्धोक नाही. नारिंगी क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगावरील श्लेष्म खातात. तिसरी जात, एट्रोप्लस कॅनरेन्सिस, कर्नाटकातील मोजक्या नद्यांपुरती मर्यादित आहे.

नदीत सोडण्याचे धोके

सोबत न जमलेला किंवा टाकीत न मावणारा मासा नदीत सोडण्याची प्रथा घातक आहे. महाड शहर सावित्री व गांधारी नद्यांच्या काठी असून तेथे वारंवार पूर येतो. जुलै २०२१ मधील पूर विशेष विध्वंसक होता. अशा ठिकाणी तळमजल्यावरील टाकीतले मासेही पुराबरोबर नदीत जाऊ शकतात. सावित्रीची उपनदी असलेल्या काळ नदीवरील वाळण कोंडीत देवीच्या नावाने राखलेले महाशीर मासे आहेत व तेथे मासेमारी निषिद्ध आहे. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये मत्स्यसंवर्धनासाठी आणली गेली. ती लवकर प्रजननक्षम होते, वर्षातून अनेकदा विणते आणि पिल्ले तोंडात सांभाळते. अनेक जलाशयांत पसरल्यानंतर तिला तेथून हटवता आलेले नाही.