ट्यूनिशियाचे स्वातंत्र्य आणि तेथील कामगार



स्वातंत्र्याचा इतिहास बहुधा तहनाम्यांच्या तारखांनी सांगतात. १२ मे १८८१ रोजी बार्दोच्या तहाने फ्रान्सने ट्यूनिशियावर आपले ‘संरक्षण’ लादले आणि २० मार्च १९५६ च्या कराराने ते संपले, असे दोन ओळींत सांगता येईल. परंतु या दोन सह्यांच्या दरम्यान गोदीतल्या हमालाने आणि रेल्वेच्या कामगाराने काय केले, हे सांगितल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही. आम्ही चळवळीतली माणसे; आम्ही तो त्या बाजूने सांगणार.

‘संरक्षण’ म्हणजे काय? गादीवर बे हा नामधारी राजा आणि कारभार फ्रेंच रेसिडेंट जनरलच्या हाती! आपल्याकडील संस्थानांचे रेसिडेंट ज्यांना ठाऊक आहेत त्यांना अधिक सांगणे नको. सरकारी नोकरीतल्या फ्रेंच माणसाला मूळ पगारावर आणखी एकतृतीयांश भत्ता मिळे. १९२४ साली ट्यूनिसच्या गोदी कामगारांनी संप केला, तो मार्सेयच्या गोदीतल्या दराने मजुरी मिळावी म्हणून. त्या लढ्यातून महंमद अली अल्-हम्मी यांनी देशी कामगारांची स्वतंत्र संघटना काढली. फ्रेंच पुढाऱ्यांच्या युनियनने तिला फुटीर ठरविले. सरकारने महंमद अलींना पकडून हद्दपार केले. एकजुटीचा उपदेश कानाला गोड लागतो; पण मजुरी दोन दरांची असेल, तर एकजूट कोणाच्या सोयीची, हे विचारावेच लागते.

हा तुटलेला धागा फरहात हशाद यांनी उचलला. केरकेना बेटावरच्या गरीब घरात १९१४ साली जन्मलेला हा माणूस सूस शहरातील एका वाहतूक कंपनीत नोकरीस लागला आणि युनियनच्या कामापायी ती नोकरी गमावून बसला. फ्रेंच युनियनमध्ये बरीच वर्षे काढून तो बाहेर पडला आणि २० जानेवारी १९४६ रोजी त्याच्या पुढाकाराने ट्यूनिशियाच्या कामगारांचा सर्वसाधारण संघ स्थापन झाला. पहिले अध्यक्ष झाले झैतुना विद्यापीठातील पंडित फाझिल बिन आशूर. धर्मशास्त्री आणि मजूर एका व्यासपीठावर आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९४७ रोजी, स्फाक्स येथे संपकऱ्यांवर गोळीबार झाला. सुमारे ३० माणसे मेली; स्थानिक पुढारी हबीब आशूर जखमी झाले.

युनियनने राजकारणात पडावे काय, हा प्रश्न आम्हांला दर सभेत विचारला जातो. हशाद यांच्यापुढे तो १९५२ च्या जानेवारीत उभा राहिला. बुर्गिबा आणि त्यांच्या निओ-देस्तूर पक्षाचे पुढारी पकडले गेले. लढा चालविण्यास संघच काय तो उरला. भारतासह आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांनी एप्रिलमध्ये हा प्रश्न सुरक्षा समितीकडे नेला, पण तो कार्यक्रमपत्रिकेवरही आला नाही. देशात मात्र लढ्याची सूत्रे हशाद यांच्या हाती होती. ५ डिसेंबर १९५२ रोजी सकाळी रादेसजवळ त्यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते जखमी होऊन खाली उतरले, तेव्हा दुसऱ्या मोटारीतून आलेल्यांनी त्यांना नेऊन ठार केले. वय अवघे ३८! शेजारच्या मोरोक्कोत कासाब्लांकाच्या कामगारांनी निषेधाचा संप केला आणि तेथेही रक्त सांडले.

यानंतर फ्रान्सला माघार घ्यावी लागली. ३१ जुलै १९५४ रोजी पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनी कार्थेज येथे अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली. १ जून १९५५ रोजी बुर्गिबा मायदेशी परतले आणि पुढच्या मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला.

येथे थांबलो असतो तर आमचे काम सोपे होते. पण २६ जानेवारी १९७८ रोजी याच संघाने सार्वत्रिक संप पुकारला, तेव्हा स्वदेशी सरकारने लष्कर रस्त्यावर आणले. अनेक माणसे मेली. ज्यांनी संघाच्या सरचिटणीसाला तुरुंगात घातले ते राष्ट्राध्यक्ष बुर्गिबा. आणि तो सरचिटणीस कोण? स्फाक्सला फ्रेंचांच्या गोळीबारात जखमी झालेले तेच हबीब आशूर!

म्हणून त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, युनियनने देशाच्या लढ्यात अवश्य उतरावे, पण आपली किल्ली कोणत्याही पक्षाच्या कनवटीला बांधू नये. ट्यूनिशियाच्या संघाने ती पुष्कळ वेळा गमावली आणि पुष्कळ वेळा परत मिळविली. २०१५ साली शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या चार संस्थांच्या मंडळाला मिळाले, त्यांत हशाद यांचा संघ होता.