सळई, घंटा आणि फोनमधली चिप

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या देवळात घंटेचा टोल द्यावा आणि तो विरताना नीट ऐकावा. ओतीव घंटेचा नाद सहसा सरळ विरत नाही. लहान-मोठा, लहान-मोठा होत जातो. टोल पडला की घंटेची गोल कड आळीपाळीनं दोन दिशांना लंबगोल होते. कडेची जाडी सगळीकडे सारखी नसल्यानं दोन जवळजवळच्या वारंवारता एकदम वाजतात आणि नाद डोलतो.

आता ही घंटा वाजता वाजता स्वतःभोवती फिरवली तर? १८९० साली जी. एच. ब्रायन या ब्रिटिश गणितज्ञानं हाच प्रश्न सोडवला. कंपनाचा आकार घंटेबरोबर पूर्ण फिरतही नाही आणि जागच्या जागी राहतही नाही. पातळ कडं ९० अंश फिरवलं, तर आकार ५४ अंशच फिरतो. ३६ अंश मागे पडतो. म्हणजे बाहेर न पाहताही, किती वळलो हे घंटेला 'कळतं'!

याचं मूळ त्याआधीचं आहे. लेऑं फूको यानं लेथच्या चकमध्ये लांब, बारीक पोलादी सळई बसवली, टिचकी मारली आणि चक फिरवला. सळई फिरली, पण कंपनाचं प्रतल बदललं नाही. यातूनच १८५१ चा त्याचा प्रसिद्ध लंबक आला. पॅरिसमध्ये लंबकाच्या प्रतलाची फेरी सुमारे ३२ तासांत पुरी होते. कौंडण्यपूरला, सुमारे २१ उत्तर अक्षांशावर, ६७ तास लागतील. (२४ ला अक्षांशाच्या साइननं भागा.)

१८५२ मध्ये फूकोनं वेगानं फिरणारं चाक वापरलं आणि त्याला 'जायरोस्कोप' नाव दिलं. पुढे जहाजं, विमानं चाकावरच विसंबली. थरथरणारी सळई मागे पडली. आम्हांला यात कुणाची चूक दिसत नाही. इतकी सूक्ष्म कंपनं मोजणारं इलेक्ट्रॉनिक्सच तेव्हा नव्हतं. माशीला मात्र ही युक्ती ठाऊक होती. तिच्या मागच्या पंखांच्या जागी दोन छोटे, गाठीचे दांडे असतात. ते सतत वरखाली हलतात आणि वळण ओळखतात, हे जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल यांनी १९४८ साली दाखवलं.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेनं सिलिकॉनमध्ये कोरलेला कंपनशील जायरोस्कोप सादर केला. २०१० च्या आयफोन ४ पासून तो फोनमध्ये आला. त्यात नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा तुकडा असतो. फणीसारख्या दात्यांवर विद्युतदाब देऊन तो सेकंदाला हजारो वेळा हलवतात. फोन वळला की कोरिऑलिस बलामुळे तुकडा आडव्या दिशेनंही हलू लागतो. ही हालचाल पुष्कळदा अणूच्या व्यासाहूनही कमी असते! ती विद्युतधारितेच्या बदलावरून मोजतात. फोनला धक्का बसला तर? म्हणून बऱ्याच रचनांत दोन तुकडे एकमेकांविरुद्ध हलवतात. वळणानं ते विरुद्ध बाजूंना सरकतात, धक्क्यानं एकाच बाजूला. वजाबाकी केली की धक्का जातो.

खरी डोकेदुखी निराळीच. हलवण्याच्या आणि मोजण्याच्या दिशांतल्या वारंवारता जितक्या जवळ, तितकी संवेदनशीलता जास्त. पण कोरताना स्प्रिंग किंचित जाड-बारीक झाली की त्या लांब जातात. स्प्रिंग तिरपी झाली तर न वळताही आडवी हालचाल दिसते. काही रचनांत जास्तीचा विद्युतदाब देऊन हा दोष काढतात. देवळातल्या घंटेचाच हा दोष, मायक्रॉनांच्या मापात.

शाळेत लेथ नसला तरी अडत नाही. सायकलच्या चाकाची सरळ तार, वाकडं टोक कापून, हातड्रिलच्या चकमध्ये घट्ट बसवा. टिचकी मारा आणि मूठ सावकाश फिरवा. प्रतल जागेवर न राहता लंबगोल उमटू लागला, तर तार बदलून पाहा. ती बहुधा नीट गोल नसेल, किंवा चकनं तिला सगळीकडून सारखं धरलेलं नसेल.