भीमथडीतले केशसंगोपन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर उरुळी कांचन मागे टाकून यवतकडे निघालेल्या प्रवाशाला कासुर्डी हे गाव लागते. आज दौंड तालुक्यात मोडणारा हा मुलूख जुन्या दप्तरांत भीमथडी या नावाने ओळखला जाई. ज्या भूमीच्या काटक तट्टांनी मराठी फौजांना दूरदूरचे पल्ले गाठून दिले, जिच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या खतपत्रांविरुद्ध उठाव केला, आणि जिच्या कोरड्या माळांवरून इंग्रजी अंमलात खडकवासल्याचा कालवा काढण्यात आला, त्या भूमीचा इतिहास लढाया, कर्जे आणि पाटबंधारे यांच्या अंगाने पुष्कळांनी मांडला आहे. परंतु तेथल्या माणसांनी, आणि विशेषतः स्त्रियांनी, आपल्या मस्तकावरचे केस कशाने राखले, ते कशाने बिघडले आणि बिघडल्यावर कशाने सावरले, हा विषयही त्याच भूमीच्या पाण्याशी, पिकांशी आणि समाजरचनेशी इतका निगडित आहे की, तो क्षुल्लक मानून बाजूला ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

आरंभ पाण्यापासून करावा लागेल. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरीने. जेथे पिण्याचे पाणी डोक्यावरून आणावयाचे, तेथे केसांवरून न्हाणे ही रोजची गोष्ट असणे शक्य नव्हते. आठवड्याने, कधी पंधरवड्याने, घरातल्या बायका आळीपाळीने न्हात. भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाने कोणते वार वर्ज्य मानावयाचे, याचे घरोघरचे नियम ठरलेले असत, आणि त्या नियमांच्या मुळाशी श्रद्धा असली तरी मोजक्या पाण्याची वाटणी त्यांनी आपोआप साधली जात असे, असे माझे मत आहे. काळ्या कातळातून झिरपून विहिरीत आलेले पाणी बहुधा जड, क्षारयुक्त. अशा पाण्यात साबण नीट फेसाळत नाही; त्याचा चुन्याशी संयोग होऊन जो चिकट साका तयार होतो तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि मुठेचा उजवा कालवा हवेलीतून भीमथडीत, पाटसच्या दिशेने, उतरला. कालव्याने ऊस आणला, गुऱ्हाळे आणली, आणि न्हाणीघरापुरते बोलावयाचे तर, ज्या गावांच्या शिवारातून तो गेला तेथील स्त्रियांना विहिरीपेक्षा मऊ पाणी प्रथमच विपुल दिले.

तेलाची गोष्टही भूगोलानेच ठरविली. नारळ कोकणचा, खोबरेल घाट चढून येई आणि त्याचे मोल जिरायत शेतकऱ्याच्या घराला झेपणारे नसे. भीमथडीच्या शेतात ज्वारी-बाजरीच्या जोडीने पिके करडई, तीळ आणि कारळे. अलुतेदारांत गणला जाणारा तेली आपल्या लाकडी घाण्यावर त्यांचे तेल गाळून देई, आणि जे तेल कालवणात पडे तेच मुलाबाळांच्या टाळूवर थापले जाई. सधन घरी सणासुदीला खोबरेल येई, त्यात माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंदीची फुले घालून ते मंद आंचेवर कढविले जाई, आणि दिवाळीच्या अभ्यंगाला त्याची वाटी पाटाशी ठेवली जाई. या दोन तेलांतला भेद हा केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. मुंबईतील आरती रेळे व आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, न्हाण्यापूर्वी अथवा नंतर लावलेले खोबरेल केसांतल्या प्रथिनांची झीज कमी करते, कारण त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या अंतर्भागात शिरू शकते. सूर्यफुलाच्या तेलात किंवा खनिज तेलात त्यांना हा गुण आढळला नाही. करडईचे तेल घटकांच्या दृष्टीने सूर्यफुलाच्या जवळचे. तेव्हा कोकणातल्या बाईच्या केसांना जे रक्षण सहज लाभले, ते देशावरच्या बाईला सणापुरतेच मिळे. करडईच्या तेलाने केस मऊ होत, गुंता सुटे, फणी सुरळीत चाले, आणि तेवढ्यावर तिने पिढ्यान्‌पिढ्या भागविले.

धुण्याच्या साधनांत मात्र ती कोणापेक्षा उणी नव्हती. सह्याद्रीच्या रानात वाढणारी शिकेकाई आणि रिठे पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून आणि आठवडी बाजारांतून खाली देशावर येत. शेंगा उन्हात कडकडीत वाळवून, उखळात कुटून, त्यात नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा, मेथी यांपैकी जे मिळेल ते मिसळून ठेवीत आणि न्हाण्याच्या दिवशी पाण्यात उकळीत. जेथे तेही परवडत नसे तेथे नदीकाठची चिकणमाती, आंबट ताक किंवा डाळीचे पीठ यांवर काम भागे. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते मळ आणि तेलाचा वरचा थर काढते, आणि शिकेकाईचा काढा किंचित आम्ल असल्यामुळे केसाच्या पृष्ठावरचे खवले मिटलेले राहतात. कपडे धुण्याचा साबण अल्कधर्मी. तो हे खवले उघडतो. ज्या काळी गावोगावी कपड्याच्या साबणाच्या वड्या आल्या आणि त्याच डोक्यालाही घासल्या जाऊ लागल्या, त्या काळी केस तुटतात, पिंजारतात अशी तक्रार म्हाताऱ्या बायका करीत ती निराधार नव्हती. केस हा मुळाशी जिवंत आणि टाळूबाहेर निर्जीव असा पदार्थ आहे. एकदा दुभंगलेले टोक कोणत्याही लेपाने सांधत नाही. फार तर ते झाकले जाते. खरी दुरुस्ती होते ती टाळूखालून येणाऱ्या नव्या केसात, आणि ती महिन्याला जेमतेम अर्ध्या इंचाने पुढे सरकते.

परंतु पाणी, तेल आणि शिकेकाई यांहून अधिक महत्त्वाचे असे एक साधन होते, आणि ते म्हणजे दुसऱ्याचा हात. कमरेपर्यंत पोचणारे केस कोणाही स्त्रीला एकटीने नीट धुता, उकलता, विंचरता येत नाहीत. सासू सुनेच्या, जाऊ जावेच्या, आजी नातीच्या मागे बसून हे करी. लाकडाच्या किंवा शिंगाच्या दुहेरी दातांच्या फणीने उवा-लिखा काढी, बटा उकली, घट्ट वेणी घाली. फणेरपेटीत आरसा, कुंकवाचा करंडा आणि फणी एकत्र असत. तिन्हीसांजेला विंचरू नये, गुंतवळ इकडेतिकडे टाकू नये, असे संकेत असत. साठवलेली गुंतवळ सुया, दाभण, पोत घेऊन दारावर येणाऱ्या फिरत्या बाया घेऊन जात आणि तिचीच पुढे गंगावने होत. हे सारे श्रम विनामोल होते, आणि म्हणून गावच्या हिशेबात त्यांची नोंद होत नसे. कुलकर्ण्याच्या दप्तरात केसांचा संबंध येई तो न्हाव्याच्या बलुत्यापुरता. न्हावी हा बलुतेदार. श्मश्रू, अंग रगडणे, लग्नकार्यातली कामे, मुलांचे जावळ हे त्याचे हक्क आणि कर्तव्य, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा त्याला मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही सर्व व्यवस्था सविस्तर नमूद केली आहे. या विभागणीचा अर्थ असा की, पुरुषाच्या केसांची काळजी गावाने वेतन देऊन घेतली आणि स्त्रीच्या केसांची काळजी स्त्रियांनीच एकमेकींच्या ओसरीवर घेतली.

या रीतीला एक भयंकर अपवाद होता. न्हाव्याचा हात स्त्रीच्या मस्तकाला लागे तो केशवपनाच्या वेळी. ही चाल ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत होती. कासुर्डीसारख्या मुख्यतः शेतकऱ्यांच्या गावात ती एखाद्या जोशी-कुलकर्ण्याच्या वाड्यापुरतीच पोचत असणार. पण जेथे ती पोचली तेथे निरोगी, घनदाट केस केवळ नवरा मेला म्हणून उतरविले गेले, आणि पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सांगितल्याप्रमाणे दख्खनच्या ब्राह्मणांत ते दर पंधरा दिवसांनी पुन्हा उतरविले जात. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरणार नाही असा निश्चय केला. ज्यांच्या पोटाचा तो धंदा होता त्यांनीच हे काम नाकारावे, यातले नैतिक बळ माझ्या मते मोठमोठ्या सुधारकांच्या व्याख्यानांहून कमी नव्हते. पुढे कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी आपण केस पुन्हा वाढू देण्याचे कसे ठरविले ते ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात लिहिले आहे.

रमाबाईंचे नाव येथे दुसऱ्या कारणानेही घ्यावे लागते. यवत ओलांडून रुळांच्या कडेने पूर्वेला गेले की थोड्या कोसांवर केडगाव लागते. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी मुख्यतः विधवांसाठी स्थापलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सोडवून आणलेल्या मुलींना, पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू असताना, केडगावच्या उघड्या माळावर आणावे लागले, आणि तेथेच मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो जणी आल्या. दुष्काळ केसांवर जे लिहून ठेवतो ते वैद्यांना चांगले वाचता येते. महिनोन्‌महिने प्रथिने पोटात न गेल्यास मुलाचे केस तांबूस, विरळ, भुरभुरीत होतात आणि ओढताच हाती येतात. अन्न पुन्हा मिळू लागले की मुळाशी काळा केस उगवतो, पुन्हा उपासमार झाली की पुन्हा तांबूस, आणि एकाच केसावर सुकाळ-दुष्काळाचे पट्टे उमटतात. अशा मुलींच्या टाळूवरची खरूज, उवा, चिघळलेल्या जखमा यांवर आधी कात्री चालवावी लागते, मग औषध, मग आहार. रमाबाईंनी तेथे विहिरी खणल्या, शेती आणि फळबाग लावली. हजारांवर माणसांच्या त्या वसाहतीत रोजच्या पाण्याची आणि अन्नाची तजवीज झाली. जे डोके एके ठिकाणी धर्माच्या नावाने आणि दुसरीकडे भुकेने उजाड झाले होते, त्या दोन्ही प्रकारच्या डोक्यांवर या एका ठिकाणी पुन्हा केस वाढले, ही गोष्ट भीमथडीच्या इतिहासात मला फार मोलाची वाटते.

तापाचाही येथे विसर पडू नये. मुदतीचा ताप, १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा किंवा कठीण बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस गळत. अशा वेळी डोके भादरले म्हणजे केस दाट येतात असा दृढ समज होता. वास्तविक ते केस विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात आणि शरीर सावरले की वस्तऱ्यावाचूनही परत येतात. कासुर्डीच्या पश्चिमेस उरुळी कांचनला १९४६ च्या मार्चमध्ये महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी ते पुढे चालविले. ऊन, पाणी, मातीचे लेप आणि साधा सकस आहार हीच त्या उपचाराची साधने. केस गळणाऱ्या आजाऱ्याला याहून निराळे फारसे सांगण्यासारखे आजच्या वैद्यापाशीही नाही, लोह आणि थायरॉईड यांची तपासणी सोडली तर.

स्वातंत्र्योत्तर काळात नळ आले, विजेचे पंप आले, कूपनलिकांचे जड पाणी आले. खोबरेल डब्यातून वाण्याच्या दुकानी पोचले आणि १९८० च्या दशकापासून शाम्पूची पुडी टपरीवर लटकू लागली. शिकेकाई कुटण्याचे श्रम वाचले, याचे मला दुःख नाही. ते श्रम नेहमी बाईचेच होते.

एक व्याधी मात्र या सर्व सोयींतूनही टिकून राहिली आहे, आणि ती म्हणजे जट. बाळंतपणात किंवा दीर्घ आजारात केस कित्येक आठवडे विंचरले गेले नाहीत, त्यांत तेल, धूळ आणि घाम साचला, की ते एकमेकांत गुंतून नमद्यासारखे घट्ट होतात. यात दैवी असे काही नाही. युरोपात पोलंड प्रांती हाच विकार इतका फैलावला होता की वैद्यकात त्याला ‘प्लिका पोलोनिका’ असे नाव पडले, आणि तेथेही लोक त्याला कापण्यास भीत. एकोणिसाव्या शतकात क्राकोवचे वैद्य युझेफ डीट्ल यांनी त्याविरुद्ध मोहीम चालविली. आपल्याकडे पहिली गाठ दिसताच यल्लम्मेचे किंवा गावदेवीचे बोलावणे आले असे कोणीतरी सांगते, हळदकुंकू वाहिले जाते, फणी बंद होते. वर्षानुवर्षे वाढणाऱ्या त्या ओझ्याने मान दुखते, आत जखमा होतात, दुर्गंधीमुळे ती बाई माणसांतून उठते, आणि कित्येक मुली त्यापायी देवाला सोडल्या गेल्या आहेत. मुंबई सरकारने १९३४ मध्ये व महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले, पण जट कापण्याचे धैर्य कायदा देऊ शकत नाही. ते काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतले. पूर्वी सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय करणाऱ्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी घरोघर जाऊन, कुटुंबाची समजूत घालून, अनेक स्त्रियांच्या जटा स्वतःच्या हाताने उतरविल्या आहेत.

जट उतरल्यानंतर खांद्यापर्यंत केस यावयास सुमारे दोन वर्षे लागतात, आणि तोवर शेजारीपाजारी देवीच्या कोपाची वाट पाहत असतात. त्यापेक्षा पहिली गाठच पडू न देणे कितीतरी सोपे. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्ती बाळाला पाहण्यासाठी सहा-सात वेळा घरी जाते. त्या भेटींत तिने बाळंतिणीच्या डोक्यावरचा पदर बाजूला करून केस पाहावेत, गुंता दिसल्यास तेथेच तेल लावून बोटांनी तो सोडवावा, आणि हे तिच्या नोंदवहीत एक रकाना म्हणून असावे, असे माझे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सांगणे आहे.