सूर्यावरचा बंब

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीचे. तेव्हा सूर्यावर तापणाऱ्या बंबाचा खरा कस पहाटेच लागावयाचा. त्याचा इतिहासही या पहाटेभोवतीच फिरतो.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली अशा बंबाचे पेटंट घेतले. काचेने झाकलेल्या पेटीत काळ्या रंगाच्या टाक्या, एवढाच त्याचा पसारा. कॅलिफोर्नियात कोळसा महाग आणि ऊन फुकट; तेथे तो चांगला खपला. दुपारी पाणी कढत होई, पण रात्री टाक्या त्याच काचेखाली उघड्यावर निवत पडत आणि सकाळी पुन्हा गारढोण पाणी!

१९०९ साली विल्यम बेलीने तापविणे आणि साठविणे यांची फारकत केली. नळ्या उन्हात, टाकी वेष्टनात गुंडाळून त्यांच्या वर. तापलेले पाणी हलके होऊन आपण होऊन वर चढते, थंड खाली उतरते. पंपाची गरज नाही. यंत्राचे नाव ‘डे अँड नाइट’. त्यातील ‘नाइट’ हाच त्याचा खरा माल! घरासाठी बंब पाहताना मी म्हणूनच आधी टाकीच्या वेष्टनाची चौकशी केली, नळ्यांच्या चकाकीची मागाहून.

१९१३च्या थंडीत नळ्या गोठून फुटल्या. बेलीने त्यांत पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण फिरविले व ते संकट निभावले. परंतु १९२०नंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले, इंधन स्वस्त झाले, आणि बेलीची कंपनी वायूवरचे बंब विकू लागली.