क्यूजीआयएस शिकताना नवशिके कुठे अडतात? मोजलेलं शेत अचानक मोठं का होतं?

क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे तयार करण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली त्याची सुरुवात केली. तेव्हा त्याचं नाव क्वांटम जीआयएस होतं. २०१३ पासून क्यूजीआयएस एवढंच उरलं. गूगल मॅप्सवर तयार नकाशा बघायला मिळतो. इथे मात्र रस्ते, विहिरी, शेतांच्या हद्दी असे थर, म्हणजे लेयर, एकावर एक रचून स्वतःचा नकाशा बनवता येतो.

पहिल्यांदा उघडल्यावर बटणांची गर्दी बघून कुणीही बिचकतं. पण बटणं आठवड्याभरात ओळखीची होतात. खरी अडचण वेगळीच असते.

समजा, पुण्यातल्या विहिरींची यादी एक्सेलमधून सीएसव्ही करून नकाशावर टाकली. सॉफ्टवेअर एक्स आणि वाय कोणता ते विचारतं. आपल्याला 'अक्षांश-रेखांश' म्हणायची सवय, म्हणून नवशिका एक्समध्ये अक्षांश भरतो. एक्स म्हणजे रेखांश. १८.५२ आणि ७३.८५ यांची अदलाबदल झाली की पुण्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. नकाशा कोरा दिसतो आणि वाटतं, फाइलच बिघडली. गावांच्या नावांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर सीएसव्ही युटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करावी.

शेपफाइलचाही असाच घोळ. नाव एक असलं तरी ती अनेक फाइलींचा संच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त 'एसएचपी' पाठवली, तर समोरच्याच्या हाती अर्धवट माल लागतो. सगळ्या फाइली झिप करून पाठवाव्यात. त्यापेक्षा जिओपॅकेज बरं: एकच फाइल, आणि शेपफाइलसारखी त्यात स्तंभांची लांब मराठी नावं कापली जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. पृथ्वी गोल, पडदा सपाट. गोलावरची जागा सपाट कागदावर कोणत्या हिशेबाने आणायची, हे ठरवणारी पद्धत म्हणजे सीआरएस. प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी क्रमांक असतो. ४३२६ मध्ये मोजमाप अंशांत होतं. त्यामुळे पुण्याजवळचं एक हेक्टर शेत 'एरिया' या फंक्शनने मोजलं, तर उत्तर सुमारे ०.००००००८६ येतं. हे चौरस अंश आहेत. उत्तर इतकं विचित्र असतं की चूक लगेच कळते.

फसवतो तो ३८५७. ओपनस्ट्रीटमॅपसारखे वेबवरचे पार्श्वनकाशे याच पद्धतीत असतात. त्याच पद्धतीत शेताचा पॉलिगॉन काढला, तर मोजमाप चौरस मीटरमध्ये येतं, पटण्यासारखंही दिसतं. पण विषुववृत्तापासून जितकं लांब जावं, तितका हा नकाशा ताणलेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ ११ ते १२ टक्के जास्त निघतं. ४० गुंठ्यांचं शेत पावणेपंचेचाळीस गुंठ्यांच्या घरात जातं. एवढ्या गुंठ्यांवरून भाऊबंदकी पेटते!

यावर उपाय म्हणजे यूटीएम. पुणे, नाशिक, कोल्हापूर विभाग ४३ मध्ये येतात, त्यासाठी क्रमांक ३२६४३. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली विभाग ४४ मध्ये, त्यासाठी ३२६४४. दोन्हींमधली सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ती यवतमाळ जिल्ह्यातून जाते. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर चिन्ह लावलेलं 'एरिया' फंक्शनही आहे. प्रोजेक्टमध्ये एलिप्सॉइड निवडलेला असेल, तर ते पृथ्वीची गोलाई धरून हिशेब करतं.

इथे आणखी एक खड्डा आहे. थराचा सीआरएस 'सेट' करणं आणि थर 'रीप्रोजेक्ट' करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट केल्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. मीटरने मोजलेल्या कापडावर फुटाची चिठ्ठी चिकटवावी तसं. अंशांतल्या थरावर ३२६४३ चं लेबल लावलं, तर पुण्यातलं शेत मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर हिंदी महासागरात पोहोचतं. आकडे खरोखर बदलायचे असतील तर रीप्रोजेक्टच करावं लागतं.

सगळं बरोबर केलं तरी मोबाइलच्या जीपीएसने घेतलेल्या बिंदूंमध्ये काही मीटरचा फरक राहतोच. असा नकाशा पाण्याचं नियोजन, झाडांची नोंद किंवा गावाच्या बैठकीसाठी उत्तम. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच लागते.