स्पार वार्निशचे लाखेशी नाते

अमेरिकेत होडीच्या बाहेरच्या लाकडी पट्ट्यांसाठी वार्निश मागितले, की दुकानदार ‘स्पार वार्निश’ पुढे करतो. स्पार म्हणजे डोलकाठी, परबाण असे शिडाचे वासे. वाऱ्याने ते वाकतात, तेव्हा त्यांच्यावरचा थरही न तडकता वाकायला हवा. म्हणून त्यात राळेच्या मानाने तेल जास्त. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण या घराण्याचा माग काढताना वाट थेट आपल्या लाखेच्या किड्यापाशी पोचली, तेव्हा मी चाटच पडलो.

रूढ वंशावळ अशी: युरोपात जवसाच्या तेलात कोपलसारखी राळ शिजवून घोडागाड्यांचे वार्निश करत, त्यात तेल वाढवले की झाले जहाजाचे. कृतीपुरते हे खरे आहे. पण जवसाच्या तेलाचा थर पाण्यात मऊ पडतो. मग पाण्याला दाद न देण्याचा गुण आला कुठून?

माझ्या मते चीनमधून. चिनी जहाजांच्या फटी डांबराने नव्हे, तर चुना, कुटलेला वाक आणि एका झाडाचे तेल कालवून बुजवतात, असे मार्को पोलोने तेराव्या शतकात सांगून ठेवले आहे. झाडाचे नाव त्याने दिले नाही. ते टुंगच, यावर मी पैज लावीन. टुंग तेलातल्या मुख्य आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध एकाआड एक येतात, त्यामुळे थर लवकर आणि घट्ट विणला जातो. मात्र नुसतेच शिजवले तर सुमारे 280 अंश सेल्सिअसला काही मिनिटांत भांड्यातच त्याचा गोळा होतो, आणि कच्चे लावले तर सुकताना सुरकुत्या पडतात. त्याला जोडीला हवी होती तशीच दणकट राळ.

ती आली लाखेच्या शत्रूकडून. विजेच्या तारांच्या वेष्टणासाठी शेलॅकची, म्हणजे लाखेपासून काढलेल्या राळेची, मागणी वाढली होती आणि शेलॅक जात होते मुख्यतः हिंदुस्थानातून. न्यूयॉर्कजवळ लिओ बेकलंड नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्याला पर्याय शोधत होते. फेनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून त्यांनी आधी एक विरघळणारी राळ केली. तिचे नाव ‘नोवोलॅक’, म्हणजे नवी लाख! ती फारशी चालली नाही. 1907 साली बेकेलाइट साधले आणि नाव झाले. पुढे इतरांनी तेलात विरघळणाऱ्या फेनॉलिक राळा काढल्या, त्या टुंग तेलात शिजवल्या, आणि खरे सागरी वार्निश जन्माला आले.

डब्यात लाखेचा थेंबही नाही, मग नाते कसले, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, लाखेला हरवायची जिद्द नसती तर ही राळ इतक्या लवकर हाती आलीच नसती. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावत आले आहेत, तेही फेनॉलच्याच कुळातले. रसायनशास्त्रज्ञांच्या आधी कोळ्यांचा हात या कुळाला लागला होता, असे मी खुशाल म्हणतो.

तेव्हा होडीच्या काठाला शेलॅकचे पॉलिश लावू नका. पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. नुसत्या ‘स्पार’ या नावावरही जाऊ नका. टुंग तेल, फेनॉलिक राळ आणि अतिनील किरण अडवणारे द्रव्य, या तिन्हींचा उल्लेख असलेला डबा घ्या आणि थर तडकण्याआधीच वरून नवा हात द्या.